कोल्हापूर परिसरात आपण टिपलेले सर्वांत वेगळे आभाळ कोणते?

वळीववेडी

नमस्कार. गेल्या मे महिन्यात मला पन्हाळ्यापलीकडच्या मसाई पठारावर एक छायाचित्र मिळाले आणि ते नेमके कशाचे आहे, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही. दुपारभर उकाड्याने जीव नकोसा झाला होता, वारा पूर्ण पडला होता आणि पूर्वेला ढगांचे डोंगर उभे राहू लागले होते, त्यामुळे आज वळीव गाठणार हे उघड होते. साडेपाचच्या सुमारास त्या काळ्या ढगाच्या पुढच्या अंगाला एक लांबलचक राखाडी कड तयार झाली. घराची पडवी जशी भिंतीच्या पुढे आलेली असते, तशी ती मूळ ढगाच्या पुढे आली होती. तिच्यावर एकावर एक रचलेल्या पायऱ्यांसारखे थर दिसत होते आणि तिच्या पोटाखालचे आकाश हिरवट झाले होते. कड डोक्यावर येण्याआधीच एकाएकी गार वारा सुटला, पठारावरची तांबडी धूळ उडाली आणि इतका वेळ घामाने भिजलेल्या अंगावर काटा आला. त्या आठ मिनिटांत मी अकरा छायाचित्रे काढली आणि मग आम्ही सर्व जण गाडीकडे धावलो.

घरी दाखवल्यावर निम्म्या नातेवाइकांनी हे संगणकावर रंगवलेले आहे असे ठरवून टाकले, याचे मला मनापासून वाईट वाटले. माझे प्रश्न असे आहेत : या ढगाला काय म्हणतात, हिरवट रंगाचा अर्थ गारा असा घ्यावा का, आणि आपणांपैकी जे वळिवाच्या, विजेच्या किंवा धुक्याच्या मागावर कॅमेरा घेऊन फिरतात, त्यांना आजवर मिळालेले सर्वांत वेगळे दृश्य कोणते? ते कुठे आणि कसे मिळाले, हे सविस्तर लिहावे, कारण मला या वर्षी पुन्हा जायचे आहे आणि यावेळी थोडे शिकून जायचे आहे.

भूगोल शिक्षक (निवृत्त)

ताई, आपले छायाचित्र अस्सल आहे यात मला शंका वाटत नाही. वर्णनावरून हा इंग्रजीत शेल्फ क्लाउड म्हणतात तो फळीसारखा ढग आहे. जागतिक हवामान संघटनेच्या आंतरराष्ट्रीय मेघ-संग्रहात त्याला आर्कस असे नाव आहे. वळिवाचा ढग पाऊस टाकू लागला की पावसाबरोबर ढगातली गार, जड हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीला आपटून चारी बाजूंना पसरते. ही पसरणारी गार हवा पाचरीसारखी पुढच्या उष्ण, दमट हवेखाली शिरते, उष्ण हवा वर उचलली जाते, वर जाताना थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात. आपण पाहिलेली पडवी ती हीच. त्यामुळे आपल्याला प्रथम गार वारा लागला, नंतर धूळ दिसली आणि पाऊस शेवटी आला, हा क्रम अगदी बरोबर आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या अकरा छायाचित्रांतून तपासून सांगावी. ती कड मागच्या मोठ्या ढगाला जोडलेली होती की मध्ये मोकळे आकाश दिसत होते? जोडलेली असेल तर आर्कस. सुटी, लाटण्यासारखी गुंडाळत जाणारी असेल तर तो व्होल्यूटस, आणि त्याला त्या संग्रहात स्वतंत्र प्रकार म्हणून स्थान मिळाले ते २०१७ च्या आवृत्तीत. हिरवट रंगाबद्दल सांगायचे तर तो ढग खूप जाड आणि पाण्याने भरलेला असल्याची खूण आहे. मावळतीकडे झुकलेल्या सूर्याचा तांबूस प्रकाश अशा ढगाच्या निळसर अंधारात मिसळला की हिरवी छटा येते. हिरवे आकाश म्हणजे गारा पडणारच, असे मात्र नाही.

माझे स्वतःचे सर्वांत वेगळे छायाचित्र वादळाचे नाही, ते गुऱ्हाळाच्या धुराचे आहे. जानेवारीतल्या एका पहाटे मी जोतिबाच्या डोंगरावरून खाली पंचगंगेच्या खोऱ्याकडे पाहत होतो. कुशिरे, केर्ली आणि वडणगे या बाजूची गुऱ्हाळे पेटली होती, जळव्याने, म्हणजे जळण घालणाऱ्या माणसाने, चुलवाणात चिपाडाचा घास टाकला की धुराची एक सरळ काठी वर चढताना दिसायची, आणि सगळ्या काठ्या एका ठरावीक उंचीला जाऊन, जणू वर काच लावली आहे अशा, एकाएकी आडव्या होत होत्या. धुराचा तो सपाट पापुद्रा खोरेभर पसरला होता. त्याच्या खाली धुके होते आणि वर स्वच्छ निळे आकाश होते. स्वच्छ आकाशाच्या हिवाळी रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होते, आणि डोंगरउतारावरची गार हवा ओघळून खोऱ्यात साठते. त्यामुळे खाली थंड आणि वर उबदार असा उलटा प्रकार तयार होतो. त्यालाच आपण तापमानाची विपरीतता म्हणतो. हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून तीस वर्षे शिकवले, परंतु धुराने ती रेघ आकाशात ओढलेली पाहिली ती त्या दिवशी, आणि तेव्हा माझा हात खरोखर थरथरत होता. साडेआठनंतर ऊन खोऱ्यात उतरले, जमीन तापली आणि अर्ध्या तासात तो पापुद्रा विस्कटून नाहीसा झाला.

आग्रहाने एकच विनंती करतो : छायाचित्राबरोबर वेळ, जागा आणि कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते, एवढे तीन तपशील वहीत लिहून ठेवावेत. या तीन गोष्टी असतील तर छायाचित्र नोंद ठरते आणि रंगवल्याचा आरोपही टिकत नाही.

विजेचा माग

मी नऊ वर्षे विजेची छायाचित्रे काढतो आहे. पद्धत सर्वांना उपयोगी पडेल म्हणून आधी तीच सांगतो. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवावा, फोकस हाताने दूरच्या दिव्यावर करून तसाच ठेवावा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, भिंगाचे छिद्र एफ ८ च्या आसपास आणि शटर दहा ते पंधरा सेकंद उघडे ठेवून एकामागून एक छायाचित्रे घेत राहावे. वीज दिसल्यावर बटण दाबायचे नसते. शटर आधीच उघडे असले पाहिजे आणि वीज आपल्या पायांनी चौकटीत आली पाहिजे. दीडशे छायाचित्रांत तीन चांगली निघाली तर ती रात्र सार्थकी लागली असे मी समजतो.

माझे सर्वांत वेगळे छायाचित्र ज्या रात्री मिळाले, त्या रात्री पन्हाळ्यावर एकही ढग नव्हता. मे महिन्यात सोलापूर-विजयपूरच्या पलीकडे मोठी वादळे उभी राहतात आणि आपल्याकडे आकाश स्वच्छ असते, अशा काही रात्री येतात. इन्सॅट उपग्रहाच्या प्रतिमेवर तो पांढरा गोळा पाहून मी गडावर गेलो. पूर्व क्षितिजावर नुसती लकाकी दिसत होती, गडगडाट अजिबात ऐकू येत नव्हता, कारण तो साधारण वीस किलोमीटरच्या पुढे पोहोचत नाही. मी त्या लकाकीवर कॅमेरा न रोखता तिच्या बराच वर, क्षितिजापासून पंधरा ते वीस अंशांवर रोखला आणि या वेळी आयएसओ पुष्कळ वाढवून शटर दोनच सेकंदांचे ठेवले. पहाटे दोनच्या सुमारास एका चौकटीत वडाच्या पारंब्यांसारख्या फिकट तांबड्या रेघा उतरलेल्या मिळाल्या. हे स्प्राइट. जमिनीवर एक फार जोरदार, धनप्रभारित वीज कोसळली की तिच्या वर ५० ते ९० किलोमीटर उंचीवर, म्हणजे ढगांच्याही कितीतरी वर, हा लाल उजेड काही सहस्रांश सेकंद चमकतो. वैमानिक अशा उजेडाबद्दल सांगत असत, पण त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नव्हता. पहिले चित्र मिळाले ते १९८९ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठातले शास्त्रज्ञ मंद प्रकाशात चालणारा कॅमेरा तपासत असताना. मला ते मिळायला तीन उन्हाळे लागले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते मी पाहिले तेव्हा आधी भिंगावरचा डाग वाटला आणि मी दोनदा भिंग पुसले.

आता ताईंना काळजीने सांगतो. मसाई पठारासारख्या उघड्या सपाटीवर आपण आठ मिनिटे थांबलात, ती आठ मिनिटे फार झाली. अशीच चूक मी केली आहे. तटावर उभे राहून समोरच्या खोऱ्यातल्या विजा टिपताना मला वाटले की पाऊस अजून लांब आहे, आणि तेवढ्यात दोनशे पावलांवरच्या झाडावर वीज पडली. प्रकाश आणि आवाज एकाच वेळी आले. त्या चौकटीत पूर्ण पांढऱ्या रंगाशिवाय काहीही नाही आणि ती मी मुद्दाम जपून ठेवली आहे. वीज पावसाच्या पुढे दहा किलोमीटरवरसुद्धा पडू शकते. लकाकी आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल, म्हणजे वादळ सुमारे दहा किलोमीटरच्या आत असेल, तर बंद गाडीत किंवा पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी हे ॲप फोनमध्ये असू द्यावे. अमेरिकेत टॉर्नेडोंच्या, म्हणजे ढगातून जमिनीला टेकणाऱ्या प्रचंड भोवऱ्यांच्या, वाटेवर उपकरणे ठेवणारे टिम समारस या क्षेत्रात अतिशय सावध म्हणून ओळखले जात. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनो इथे सुमारे चार किलोमीटर रुंदीच्या टॉर्नेडोने त्यांना, त्यांच्या मुलाला आणि सहकाऱ्याला गाठले आणि त्यात तिघांचाही मृत्यू झाला. आपले वळीव तेवढे अक्राळविक्राळ नसते, परंतु विजेच्या बाबतीत ते कोणापेक्षाही कमी नाही.

घाटमाथा

मी गगनबावड्याचा. आमच्याकडे पावसाळ्यात चार-चार दिवस समोरचे झाड दिसत नाही, त्यामुळे छायाचित्रांचे दिवस म्हणजे पाऊस ओसरण्याचे, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. अशाच एका सकाळी करूळ घाटाच्या वरच्या कड्यावर मला इंद्रवज्र दिसले. कोकणच्या बाजूने दरी धुक्याने काठोकाठ भरली होती, पाठीमागे सूर्य नुकताच वर आला होता आणि माझी सावली समोरच्या धुक्यावर पडली होती. त्या सावलीच्या डोक्याभोवती लहानशी रंगीत वर्तुळे होती, आत निळसर आणि कडेला तांबूस. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या चुलत भावालाही वर्तुळ दिसत होते, पण त्याच्या स्वतःच्या डोक्याभोवती. आम्ही एकमेकांना "तुझ्या नाही, माझ्या डोक्याला आहे" असे कितीतरी वेळ सांगत होतो, आणि दोघांचेही खरे होते, कारण धुक्याचे अतिसूक्ष्म थेंब प्रकाश जवळजवळ आल्या वाटेनेच परत पाठवतात आणि तो प्रत्येकाच्या डोळ्यांकडे स्वतंत्रपणे येतो. छायाचित्रातही वर्तुळाच्या मध्यभागी कॅमेराच असतो.

आपल्या सह्याद्रीत या दृश्याची जुनी नोंद ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले अधिकारी कर्नल साइक्स यांची आहे. दख्खनच्या हवामानावरचा त्यांचा निबंध १८३५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात त्यांनी हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून पाहिलेल्या गोल इंद्रधनुष्याचे वर्णन केले आहे. ज्यांना प्रयत्न करायचा आहे त्यांनी पश्चिमेकडे तोंड असलेला कडा, सकाळची वेळ आणि खाली भरलेले पण डोक्यावर मोकळे असलेले धुके, या तिन्ही गोष्टी जुळण्याची वाट पाहावी. मी सहा वर्षांत ते तीनदा पाहिले. कड्याच्या टोकाशी जाऊ नये, कारण त्या दिवसांत दगडावर शेवाळ असते आणि धुक्यात कडा कुठे संपतो ते कळत नाही.

उलटा धबधबा हवा असेल तर तो भर पावसात आंबोलीजवळच्या कावळेसादला मिळेल. तिथे नैर्ऋत्येचा वारा कड्यावर आपटून वर वळतो आणि पडणारे पाणी परत माथ्यावर आणून टाकतो. भिंग दर दहा सेकंदांनी पुसावे लागते, एवढीच त्याची अडचण आहे.

रंकाळाकाठ

महालक्ष्मीच्या किरणोत्सवाचे दिवस, म्हणजे ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, आम्हा कोल्हापूरकरांना पश्चिमेचे आकाश पाहायला शिकवतात. मावळतीची किरणे पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी त्याच्या वर आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचावीत अशी रचना आहे, आणि क्षितिजावर ढगाचा एक पट्टा किंवा हवेत धूसरपणा असला तरी ती वाटेतच विरतात. एका नोव्हेंबरात असाच पट्टा आला. मी रंकाळ्याच्या पश्चिम काठावर होतो, किरणे आज पोहोचणार नाहीत हे समोर दिसत होते, आणि निराश होऊन शहराकडे वळलो तर पूर्वेच्या आकाशात गुलाबी पट्टे पंख्यासारखे पसरलेले होते आणि ते सगळे सूर्याच्या अगदी विरुद्ध बाजूच्या एका बिंदूकडे जुळत होते. पश्चिमेच्या ढगांच्या फटींतून सुटलेले प्रकाशझोत डोक्यावरून पलीकडे गेले होते. ते प्रत्यक्षात समांतर असतात आणि रेल्वेचे रूळ दूरवर जुळल्यासारखे दिसतात, त्याच कारणाने जुळतात. तलावाच्या पाण्यातही तो पंखा उतरला होता. माझ्याजवळचे हे सर्वांत वेगळे छायाचित्र.

शिक्षक सरांच्या वहीच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे, कारण ती न पाळल्याचा त्रास मी भोगला आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले त्या दिवसांत मी शहरावरच्या पिशव्यांसारख्या लोंबणाऱ्या ढगांचे, म्हणजे मॅमाटसचे, एक छायाचित्र मित्रांना पाठवले होते. दोन दिवसांत ते किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या नावाने, घाबरवणाऱ्या मजकुरासह माझ्याकडेच परत आले. ज्यांच्या घरातली माणसे तेव्हा किनाऱ्यावर होती, त्यांनी ते पाहून रात्र कशी काढली असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटते. ते माझे आहे आणि कोल्हापूरचे आहे हे सिद्ध करायला माझ्याजवळ मूळ फाइलही उरली नव्हती. आता मी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल, कधीही पुसत नाही आणि चौकटीत ओळखू येणारी एखादी इमारत, टेकडी किंवा मनोरा ठेवल्याशिवाय छायाचित्र कुणाला पाठवत नाही.

कागलचा विद्यार्थी

मार्चमध्ये दुपारी साडेबाराला सूर्याच्या बरेच खाली, आडवा, सरळ असा रंगीत पट्टा दिसला होता. पावसाचे नाव नव्हते. सूर्याभोवती खळेही पडले होते. हे इंद्रधनुष्य कसे असू शकेल? छायाचित्र फोनचे आहे, क्षमस्व.

भूगोल शिक्षक (निवृत्त)

फोनचे असले तरी उत्तम आहे, क्षमा कशाला मागता. ते इंद्रधनुष्य नव्हे. इंद्रधनुष्य सूर्याच्या विरुद्ध बाजूला आणि पाण्याच्या थेंबांतून दिसते. हा क्षितिजसमांतर पट्टा उंचावरच्या पातळ ढगातल्या षट्कोनी, चपट्या हिमकणांतून होतो, आणि त्यासाठी सूर्य ५८ अंशांहून वर असावा लागतो. युरोपच्या उत्तर भागात तो दिसणेच शक्य नसते. आपल्याकडे मार्चपासून सप्टेंबरपर्यंत दुपारी सूर्य तेवढा वर असतोच. खळे २२ अंशांचे असते : हात पूर्ण लांब करून पंजा पसरला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जवळजवळ तेवढेच अंतर भरते. पट्टा सूर्यापासून त्याच्या दुपटीहून थोडा अधिक, ४६ अंश खाली असतो. आपल्या चित्रात हे मोजून पाहावे आणि आकडा इथे लिहावा. सूर्याकडे थेट पाहू नये, तो एखाद्या खांबाआड घ्यावा.

वळीववेडी

सर्वांचे मनापासून आभार. सर, मी अकराही छायाचित्रे क्रमाने पाहिली. कड मागच्या ढगाला सलग जोडलेली आहे, मध्ये कुठेही आकाश दिसत नाही, म्हणजे आर्कस. पहिले छायाचित्र ५ वाजून ३४ मिनिटांचे आणि शेवटचे ५ वाजून ४२ मिनिटांचे आहे, कॅमेऱ्याचे तोंड पूर्वेला आहे आणि सातव्या छायाचित्रात डाव्या कोपऱ्यात पन्हाळ्याचा माथा ओळखू येतो. हे सर्व आज नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. विजेबद्दलचा इशाराही लिहिला आहे. या वर्षी मी पठारावर न थांबता गाडीतूनच छायाचित्रे काढणार आहे.

गारांचा प्रश्न विचारला त्यामागे एक कारण होते, ते सांगायचे राहिले. त्या संध्याकाळी परतताना वाटेत मावशीच्या घरी थांबलो तेव्हा अंगणात गारा पडल्या होत्या आणि केळीची पाने चिरफळली होती. मावशीने एक मोठी गार वाटीत घालून ठेवली होती. मी ती सुरीने मधोमध कापली आणि शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून छायाचित्र घेतले. गार नाण्यापेक्षा थोडी मोठी होती. मध्ये पांढरा, अपारदर्शक दाणा, त्याभोवती काचेसारखा स्वच्छ थर, मग पुन्हा दुधाळ थर आणि बाहेर पुन्हा स्वच्छ, असे कांद्यासारखे चार पदर होते. ढगात जिथे पाणी भरपूर मिळाले तिथे ते गारेवर हळूहळू गोठून स्वच्छ थर झाला, आणि जिथे कमी मिळाले तिथे ते झटक्यात गोठून आत हवेचे बुडबुडे अडकले व थर दुधाळ झाला, असे मी नंतर वाचले. पहिले छायाचित्र थोडे हलले. दुसरे घेण्यासाठी सुरी पुसून फोन टेबलावर टेकवला, तोवर बाहेरचे दोन पदर विरघळून नाण्याखाली पाणी झाले होते. ते हललेले चित्र मी आज रात्री इथे जोडते. थर मोजता येतात का, ते आपण पाहून सांगावे.